खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी समुद्राचे पाणी: ठाणे-नवी मुंबईकरांनी ते कोठून, केव्हा आणि कसे आणावे

वाशीच्या खाडीपुलावरून रोज ये-जा करणाऱ्या आणि घरी समुद्री माशांची टाकी असलेल्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी एक हिशेब येऊन जातो. दोनशे लिटरच्या टाकीत दगड आणि वाळू वजा जाता साधारण १७० लिटर पाणी असते. त्यातले दर आठवड्याला दहा-बारा टक्के बदलायचे म्हटले, तर महिन्याला सुमारे ८० लिटर पाणी लागते. ते कृत्रिम क्षारापासून तयार करायचे तर लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे महिन्याला तीन किलो क्षार हवा, आणि त्यासाठी आरओचे पाणी काढताना त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी मोरीत सोडून द्यावे लागते. एवढे करून हाती येते ती समुद्राच्या पाण्याची नक्कल, आणि अस्सल पाणी तर पुलाखालून फुकट वाहते आहे. या हिशेबात चूक एकच आहे: पुलाखालून जे वाहते ते समुद्राचे पाणी नव्हे.

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब असून तिचे उत्तरेचे टोक एका अरुंद फाट्याने उल्हास नदीशी जोडलेले आहे आणि दक्षिणेकडे ती मुंबईच्या बंदरात उघडते. तिच्या एका काठाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचे सांडपाणी तिच्यात येते. भरतीबरोबर आत आलेले पाणी ओहोटीला पूर्ण बाहेर पडत नाही, तेच पुन्हा पुन्हा आत-बाहेर हेलकावत राहते. हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूला उतरणारे रोहित पक्षी पाहून पाणी चांगले असावे असा समज होतो, आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाल्यापासून तो अधिकच बळावला आहे. वस्तुतः नायट्रोजन आणि फॉस्फरसने समृद्ध झालेल्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म शैवाल हे धाकट्या रोहितांचे आवडते खाद्य आहे. म्हणजे ज्या गुणामुळे ते पक्षी येथे येतात, तोच गुण आपल्या टाकीत काचेवर हिरवा थर आणि वाळूवर तपकिरी साय बनून उगवतो. खाडीतला गाळ धातू धरून ठेवतो हा आणखी एक दोष आहे. तांबे तर समुद्री अपृष्ठवंशी प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असते आणि ते कापडाने गाळून निघत नाही.

उरणच्या पिरवाडीचा किनारा नवी मुंबईला जवळ आहे आणि समोर मोकळा समुद्र दिसतो, त्यामुळे तेथून पाणी आणण्याचा मोह होतो. पण तो किनारा बंदराच्या तोंडाशी आहे, शेजारी मोठी जहाजे लागतात, आणि ओहोटीला खाडीचे पाणी त्याच वाटेने बाहेर पडते. ठाण्याच्या रहिवाशांना घोडबंदरमार्गे उत्तन-गोराई जवळचे वाटते. तेथेही वसई खाडीचे मुख फार दूर नाही. सर्वसाधारण नियम असा धरावा की नदी-खाडीच्या मुखापासून, बंदरापासून आणि औद्योगिक वसाहतीपासून जितके दूर जाता येईल तितके जावे. या कसोटीला उतरणारा, सकाळी निघून दुपारी परत येता येईल असा पट्टा म्हणजे अलिबागच्या दक्षिणेचा किनारा. धरमतरची खाडी उत्तरेला राहते, रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते, आणि तिच्याही पुढे काशीदच्या बाजूला किनारा खुल्या समुद्राला सामोरा आहे. नवी मुंबईहून शंभराहून अधिक किलोमीटरचा हा प्रवास केवळ पाण्यासाठी करावा असे मी सुचवणार नाही, कारण पेट्रोलचा खर्च क्षाराच्या पिशवीला मागे टाकेल. पण सहल किंवा नातेवाईक या निमित्ताने महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे जाणे होत असेल, तर गाडीच्या डिकीत चार कॅन टाकण्याइतका सोपा बेत दुसरा नाही.

तिथी पाहून निघावे

पाणी कोठून घ्यावे याइतकेच ते केव्हा घ्यावे यालाही महत्त्व आहे, आणि या बाबतीत आपल्याकडची जुनी गणिते आजही उपयोगी पडतात. कोकण किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ काढण्याची रीत अशी की तिथीची पाऊणपट करावी: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे पक्क्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. परंतु कोणत्या दिवशी निघायचे हे ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत मुंबईच्या परिसरात भरती साडेचार मीटरच्याही वर जाते, पाण्याचा जोर वाढतो आणि तळाचा गाळ ढवळून वर येतो. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांगाची भरती असते; भरती-ओहोटीतले अंतर कमी, प्रवाह मंद, आणि त्यामुळे पाणी कोकणच्या मानाने बरेच नितळ. योगायोग असा की भांगाच्या दिवसांत पूर्ण भरती सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान येते. तेव्हा वारा पडलेला असतो, किनाऱ्यावर गर्दी नसते, आणि काठाशी उभे असलेले पाणी हे खाडीतून उतरलेले नसून समुद्रातून आत आलेले असते. शुद्ध किंवा वद्य नवमी-दशमीच्या सकाळी, भरती पूर्ण होण्याच्या अर्धा तास आधी किनाऱ्यावर असावे, एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मे काम झाले.

ऋतूचा विचार त्याहून सोपा आहे. डिसेंबर ते एप्रिल हे महिने उत्तम. जून ते सप्टेंबर पाणी आणण्याचे नावच काढू नये: नद्यांच्या पुराने किनाऱ्याजवळची क्षारता घसरलेली असते, पाणी गढूळ असते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तर लाटांबरोबर डांबराचे गोळे किनाऱ्याला लागतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या म्हणजे पाणी निवळले असे होत नाही. त्यानंतर गणेश विसर्जन येते आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबणे बरे. हिवाळ्याच्या अखेरीस एखाद्या रात्री लाटा निळसर चमकतात आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. ते दृश्य अवश्य पाहावे, पण ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवाच्या अमाप वाढीची असते, म्हणून त्या दिवसांत कॅन घरीच ठेवावेत. पाण्याला हिरवी किंवा तांबूस झाक, फेसाचा जाड थर अथवा डिझेलचे इंद्रधनुषी तवंग दिसले, तरी रिकाम्या हाताने परतावे.

पाणी भरताना

कॅन खाद्यपदार्थांसाठी वापरले जाणारे, जाड प्लॅस्टिकचे, वीस लिटरचे आणि शक्यतो नवे घ्यावेत. रसायनांचे किंवा कीटकनाशकांचे जुने कॅन कितीही धुतले तरी वापरू नयेत, कारण प्लॅस्टिक ते शोषून घेते. वीस लिटर समुद्राचे पाणी साडेवीस किलो भरते. पस्तीस लिटरचा कॅन घेणाऱ्याला तो वाळूतून गाडीपर्यंत नेताना आपली चूक समजते. पाणी काढायला प्लॅस्टिकचा मग किंवा बादली वापरावी. जस्ताचा मुलामा असलेली बादली, पितळी जोड असलेला पंप, तांब्याची नळी यांपैकी काहीही पाण्याला लागू देऊ नये.

किनाऱ्यावरून भरायचे असेल तर फुटणाऱ्या लाटेत वाळूच अधिक येते. खडकाळ टोकाच्या आडोशाला, कमरेइतक्या पाण्यात, पृष्ठभागाच्या वीतभर खालून पाणी घ्यावे, म्हणजे वरचा तवंग येत नाही. खडकावर शेवाळ असते आणि लाटेला पाठ देऊ नये हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण शहरातल्याला सांगावे लागते. याहून चांगला मार्ग म्हणजे एखाद्या कोळी कुटुंबाशी ओळख करून घेऊन मासेमारीला जाणाऱ्या होडीबरोबर कॅन पाठवणे. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, नेमके काय हवे ते समजावून सांगावे: दहा-बारा वाव, म्हणजे सुमारे वीस मीटर, खोली असलेल्या ठिकाणी, होडीच्या नाळेकडून, म्हणजे इंजिनाच्या विरुद्ध बाजूने, जाळे ओढण्याच्या आधी पाणी भरावे, आणि मासळी ठेवलेल्या जागेचे पाणी त्यात जाऊ देऊ नये. मेहनतीचे पैसे आधीच ठरवून द्यावेत. माझ्या अनुभवात असे पाणी किनाऱ्यावरच्या पाण्यापेक्षा इतके वेगळे असते की दोन्ही काचेच्या ग्लासांत शेजारी ठेवले, तर परीक्षण न करताही फरक कळतो.

पाण्याव्यतिरिक्त काहीही उचलू नये. किनाऱ्यावर सापडणारे प्रवाळाचे तुकडे, समुद्रघोडे, समुद्रकाकडी टाकीत शोभतील असे वाटले, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेत.

पहिली रात्र

कॅन घरी आल्यानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात आणि बहुतेक चुका येथेच होतात. समुद्राच्या प्रत्येक थेंबात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, असतात. बंद कॅनमध्ये ते मरतात, कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि अमोनिया सोडतात. कॅलिफोर्नियातले मॉन्टेरे बे मत्स्यालय समोरच्या उपसागराचे पाणी थेट पंपाने आत घेते. दिवसा प्रेक्षकांना स्वच्छ दिसावे म्हणून ते गाळून, आणि रात्री प्लवकांचे खाद्य प्राण्यांना मिळावे म्हणून न गाळता. त्यांचे पाणी सतत वाहते आहे, म्हणून ती चैन त्यांना परवडते. आपल्या दोनशे लिटरच्या बंदिस्त डबक्याला ती परवडत नाही.

मी पहिल्यांदा पाणी आणले तेव्हा दोन कॅन काठोकाठ भरून, झाकणे घट्ट लावून, एप्रिलच्या उन्हात बाल्कनीत आठवडाभर ठेवले होते. झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी गॅसगळतीची शंका घेऊन दार वाजवले. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. प्राणवायू संपला की काही जिवाणू त्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो माशांना विषारी आहे. ते पाणी मोरीत गेले.

म्हणून घरी पोहोचताच पाणी आधी धुतलेल्या पांढऱ्या पंचाच्या दोन पदरांतून आणि नंतर पाच मायक्रॉनच्या स्पन फिल्टरमधून गाळावे. घरगुती आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे तो फिल्टर आणि त्याचे प्लॅस्टिकचे घर दोन्ही मिळते. टाकीतलाच छोटा पंप लावला की पाणी सावकाश गाळले जाते. सफेद ठिपक्यांचा रोग पसरवणाऱ्या परजीवीची पोहणारी अवस्था पाच मायक्रॉनपेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे हे गाळणे केवळ गाळासाठी नाही. किनाऱ्यावरचे पाणी असेल तर गाळण्याआधी रात्रभर स्थिर ठेवून, तळाचे दोन बोटे पाणी सोडून, वरचे नळीने काढून घ्यावे. अन्यथा फिल्टर वीस लिटरमध्येच चोंदतो.

यानंतर दोन मार्ग आहेत. पाणी खोल समुद्रातून आणलेले असेल तर ते झाकलेल्या पिंपात, पूर्ण अंधारात, एअर पंपाच्या नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड पाण्यात बुडवून हवा चालू ठेवत दोन ते तीन आठवडे ठेवावे. सुरुवातीला थोडा अमोनिया वाढतो, मग जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि पाणी स्थिरावते. प्रकाश लागू द्यायचा नाही, कारण प्रकाशात शैवाल माजते. आणि हवा बंद करायची नाही, ती का हे वर आलेच आहे.

पाणी किनाऱ्यावरचे असेल तर मी क्लोरिनचा मार्ग पसंत करतो, जो कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांमध्येही वापरला जातो. बिनसुवासाचे, साबण नसलेले सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण घ्यावे. ते चार टक्क्यांचे असेल तर १०० लिटर पाण्याला २५ मिलिलिटर टाकल्यास सुमारे १० पीपीएम (लिटरमागे १० मिलिग्रॅम) क्लोरिन होतो. हे गाळल्यानंतरच करावे, कारण गढूळ पाण्यात क्लोरिन गाळावरच खर्ची पडतो. बाटली जुनी असेल तर तिची ताकद उतरलेली असते, हेही लक्षात ठेवावे. ॲसिड किंवा इतर कोणत्याही सफाईच्या द्रावणाशी त्याचा संपर्क येऊ देऊ नये आणि खिडकी उघडी ठेवावी. चोवीस तास हवा चालू ठेवून मग पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या थेंबांच्या संचाने क्लोरिन तपासावा. पिवळा रंग आला तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे माशांच्या दुकानातले क्लोरिन घालवण्याचे खडे, थोड्या पाण्यात विरघळवून टाकावेत. टाकलेला सगळा क्लोरिन शाबूत राहिला असे धरले तरी १०० लिटरला सात ग्रॅम पुरतात; प्रत्यक्षात बराचसा उडालेला असतो, म्हणून दोन ग्रॅमपासून सुरुवात करावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि रंग अजिबात येईनासा होईपर्यंत हेच करावे. शेवटी एक दिवस सक्रिय कोळशातून पाणी फिरवावे. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असल्यामुळे क्लोरिनबरोबर ब्रोमिनची संयुगेही तयार होतात आणि कोळसा त्यांचाही बंदोबस्त करतो. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नये.

तपासणी आणि जुळवणी

क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी आणि ते उपकरण केवळ साध्या पाण्यावर शून्य करून न थांबता ३५ पीपीटीच्या (किलोमागे ३५ ग्रॅम क्षाराच्या) प्रमाण द्रावणावर पडताळावे. खुल्या समुद्राचे पाणी ३५ पीपीटीच्या आसपास, म्हणजे २५ अंश तापमानाला १.०२६ विशिष्ट गुरुत्वाचे असते. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ ते ३७ पर्यंतही भरते. १०० लिटर पाणी ३७ वरून ३५ वर आणायचे तर पावणेसहा लिटर आरओचे पाणी मिसळावे. उलट ३२ भरले तर दर १०० लिटरमागे तीनशे ग्रॅमहून थोडा अधिक कृत्रिम क्षार विरघळवावा. तीसच्या खाली आले तर ते पाणी खाडीने बिघडवलेले समजून टाकून द्यावे.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, पीएच ८.० ते ८.३, कॅल्शियम ४०० पीपीएमच्या वर, आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवण्याची पाण्याची क्षमता, सात डीकेएचच्या (हे तिचे एकक) जवळपास. बाजारातले अनेक कृत्रिम क्षार अल्कलिनिटी याहून बरीच जास्त देतात. त्यामुळे टाकीला आजवर त्या क्षाराची सवय असेल, तर पहिल्या दोन-तीन वेळा अर्धे समुद्राचे आणि अर्धे तयार केलेले पाणी वापरावे. फॉस्फेटचा आकडा ०.१ पीपीएमच्या वर गेला तर ते पाणी शैवालाला निमंत्रण आहे. धातू तपासण्याची घरगुती सोय पुरेशी नाही, पण नव्या ठिकाणाहून पाणी आणताना मी आधी पाचच लिटर आणतो आणि त्यात आर्टेमियाची, म्हणजे माशांना खाद्य म्हणून देतात त्या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जीवाची, अंडी उबवून पिल्ले दोन दिवस पाहतो. आर्टेमिया चिवट असल्यामुळे ती जगली म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. मात्र ती मेली तर पुढचा विचारच करायचा नसतो.

टाकीत पाणी घालण्याच्या आदल्या रात्री ते पुन्हा जोरात हवेवर ठेवावे. साठवलेल्या पाण्यात कर्बवायू वाढून पीएच उतरलेला असतो, आणि अशा पाण्यात उरलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात दडून बसतो. हवेने पीएच चढला की त्याचेच विष होते. म्हणून अमोनियाची शेवटची चाचणी हवा दिल्यानंतर घ्यावी. तापमानात एका अंशाहून अधिक फरक ठेवू नये. वाळू उपसत जुने पाणी नळीने काढावे आणि नवे पाणी पातळ धारेने, माशांपासून दूर, अर्ध्या तासात घालावे. एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक बदलण्याचे धाडस पहिल्या काही महिन्यांत करू नये.

नवशिक्यांकडून एक चूक हमखास होते, ती म्हणजे बाष्पीभवनाने घटलेली पातळी समुद्राच्या पाण्याने भरून काढणे. वाफ होऊन जाते ते गोडे पाणी, क्षार टाकीतच राहतो. ती भर आरओच्या पाण्यानेच घालायची असते, नाहीतर उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीची क्षारता पंधरा दिवसांत चाळिशीकडे सरकते.

पावसाळ्यासाठी कृत्रिम क्षाराची एक पिशवी घरात असू द्यावी, किंवा मेच्या सुरुवातीला दोनशे लिटर पाणी आणून, प्रक्रिया करून, हवेसह अंधारात साठवावे. जागा आणि घरच्यांचा संयम यांपैकी जे आधी संपेल त्यावर ते अवलंबून आहे. काढलेले जुने पाणी कुंड्यांना घालू नये, झाडे मरतात, आणि ते खाडीत किंवा समुद्रात नेऊन ओतू नये, कारण टाकीतले परजीवी आणि बाहेरून आलेले शैवाल त्यातून पसरू शकतात. ते संडासात ओतावे. रिकामे कॅन साबण न लावता नळाच्या पाण्याने दोनदा विसळून, झाकण उघडे ठेवून सावलीत वाळवावेत आणि त्यांवर ठळक अक्षरांत ‘फक्त खारे पाणी’ असे लिहावे, नाहीतर पुढच्या खेपेच्या आधी त्यांतल्या एकात कोणीतरी फिनेल भरून ठेवलेले सापडते.